दुकान दोघांचे, पाटी एकाची

मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर इस्लापूर हे एक लहानसे स्थानक आहे. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा पाहण्यासाठी पावसाळ्यात लोक या गावी येतात आणि धबधबा पाहून परत जातात. पैनगंगा ओलांडली की विदर्भ सुरू होतो. तेलंगणाची सीमाही तेथून फार दूर नाही. त्यामुळे या भागातील बाजारात मराठीबरोबर तेलुगू, बंजारा आणि गोंडी या भाषाही कानांवर पडतात. धबधबा पाहून झाल्यावर घटकाभर या बाजारात उभे राहावे आणि मालाकडे न पाहता माल विकणाऱ्यांकडे पाहावे. चहा-भज्यांच्या हॉटेलात तो भट्टीपुढे उभा असतो आणि ती पीठ कालवता कालवता गल्ल्याकडे लक्ष ठेवून असते. शिंप्याच्या दुकानात कापड बेतणे त्याच्याकडे, तर काज-बटण आणि पिको-फॉल तिच्याकडे. तो शेताकडे गेला की पिठाची गिरणी दिवसभर तीच चालवते. किराणा दुकानात ठोक व्यापाऱ्याशी बोलणी तो करतो; पण कोणाकडे किती उधारी थकली आहे, हे वही न उघडता तीच सांगते.

एवढे पाहून झाल्यावर मान वर करून दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. तेथे त्याचे नाव असते, त्याच्या वडिलांचे असते, कुलदैवताचे असते. 'ब्रदर्स' असतात आणि 'अँड सन्स'ही असतात. तो सन अजून पाळण्यात असला तरी चालते. नसते ती फक्त तिची नोंद. आपल्या समाजाला पती-पत्नींचा एकत्र उल्लेख करता येत नाही, असे मुळीच नाही. सत्यनारायणाच्या पूजेला यजमान सपत्नीक बसतो, लग्नपत्रिकेत आमंत्रणही सपत्नीकच असते. 'सपत्नीक' हा शब्द धर्मकार्याच्या आणि पंगतीच्या जागी आपण आवर्जून वापरतो. मालकीची जागा आली की मात्र तो गळून पडतो.

हा केवळ पाटीवरील अक्षरांचा प्रश्न असता, तर त्यासाठी वर्तमानपत्रातील एवढी जागा अडविण्याचे कारण नव्हते. पाटीवर जे नाही ते खातेवहीतही नाही, परवान्यावर नाही, बँकेच्या चालू खात्यात नाही आणि कायद्याच्या दृष्टीला तर ते मुळीच दिसत नाही. जोडप्याचे बरे चालले आहे तोवर याची बोच कोणाला जाणवत नाही. मृत्यू, दुरावा किंवा कर्ज यांपैकी एकाने दार ठोठावले, की वीस-वीस वर्षे दुकान चालविलेली स्त्री एका दिवसात त्या दुकानात परकी होते. मराठवाड्यातील बाजारगावांत हे वारंवार घडते आणि त्याला नशीब म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे.

जुनीच भागीदारी

नवरा-बायकोने मिळून धंदा करणे ही आधुनिक काळाची किंवा शहराची देणगी आहे, असा एक समज आहे. नव्या पिढीतील प्रेमविवाह केलेली सुशिक्षित जोडपी एकत्र उद्योग काढतात, त्यांच्या मुलाखती छापून येतात आणि काहीतरी अपूर्व घडल्याचा भास होतो. त्यांचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु आपल्या गावगाड्यातील कारागिरी पिढ्यान् पिढ्या जोडप्यांवरच उभी होती, हे विसरू नये. घिसाड्याच्या पालापुढे क्षणभर थांबून पाहावे. तापलेले लोखंड सांडशीत धरून फिरविणारा तो असतो आणि त्यावर घण घालणारी ती असते. घाव चुकला तर त्याचा हात जायचा. इतका विश्वास भागीदारीच्या कोणत्याही करारनाम्यात लिहून मिळत नाही. विणकराच्या घरी मागावर तो बसतो, पण कांड्या भरणारा हात तिचा असतो. कुंभाराच्या घरी माती मळण्यापासून मडकी रंगविण्यापर्यंतचे काम तिच्याकडे. पण चाकाला तिने हात लावायचा नाही, असा दंडक अनेक ठिकाणी होता. परीट आणि बुरूड यांच्याकडे तर कोणते काम कोणाचे, हे वेगळे काढून दाखविताही यायचे नाही.

हे सारे दोघांचे श्रम होते. बलुते मात्र घरधन्याच्या नावाने मिळत असे. त्याच परंपरेचे आजचे सर्वांत कठोर रूप ऊसतोडीत दिसते. मराठवाड्यातून हजारो कुटुंबे दरवर्षी साखर कारखान्यांकडे जातात. तेथे हिशेबाचे एकक माणूस नसून 'कोयता' आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता ठरतो. मुकादम उचल देतो ती बहुधा नवऱ्याच्या हातात. ती फिटेपर्यंत मोळ्या मात्र दोघांनीही वाहायच्या. जोडप्याच्या श्रमांचे मोल आपल्या अर्थव्यवस्थेला कळत नाही, असे कोण म्हणेल? ते इतके नेमके कळते की एकटा पुरुष तिला अर्धा दिसतो. कळत नाही ते एवढेच, की त्या कमाईतील निम्मी कोणाची.

सरकारी पाहण्यांची भाषाही यापेक्षा निराळी नाही. देशातील रोजगाराची मोजदाद करणाऱ्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात स्वयंरोजगाराच्या सदराखाली 'घरगुती उद्योगातील मदतनीस' असा एक वर्ग आहे. घरच्या धंद्यात राबणारे, पण त्याबद्दल वेतन न घेणारे लोक यात येतात. पहाटे पाच वाजता हॉटेलाची चूल पेटविणारी आणि रात्री गल्ल्याची मोजणी करून झोपणारी स्त्री या वर्गात सहज जमा होते. तिला काढून टाकले तर हॉटेल आठ दिवसही चालणार नाही. तरीही ती मदतनीसच.

कायद्याला दिसलेले जोडपे

भागीदारीचा कायदा याबाबत काय म्हणतो, हे पाहणे उद्बोधक आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या ५ व्या कलमात म्हटले आहे, की भागीदारी करारातून निर्माण होते, नात्यातून नाही. म्हणजे नवरा-बायको एका गल्ल्यावर तीस वर्षे बसले, तरी केवळ तेवढ्याने ती भागीदार ठरत नाही. या कलमाने उदाहरणादाखल दोन अपवाद नावानिशी बाजूला काढले आहेत. एक अविभक्त हिंदू कुटुंबातील व्यक्तींचा, आणि दुसरा एकत्र धंदा करणाऱ्या ब्रह्मदेशी बौद्ध पती-पत्नींचा! कायदा झाला तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. १९३७ साली तो वेगळा झाला. तेथील बौद्धांच्या रूढीप्रमाणे संसारात मिळविलेली मालमत्ता पती-पत्नींची सामाईक मानली जात असे. म्हणून त्यांचा हा सामाईकपणा भागीदारी कायद्याखाली येत नाही, असा खुलासा करणे भाग पडले. थोडक्यात, एकत्र धंदा करणारे जोडपे या कायद्याला दिसले ते इरावतीच्या काठी. गोदावरी-पैनगंगेच्या काठचे जोडपे त्याला दिसलेच नाही.

आयकराचा कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला. एखाद्या दुकानदाराने आपल्या दुकानात काम करणाऱ्या पत्नीला रीतसर पगार द्यायचे ठरविले, तर १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या ६४ व्या कलमाने तो पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळविला. पत्नीकडे तांत्रिक अथवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानाचाच मोबदला असेल, तरच सूट. २०२५ साली आयकराचा नवा कायदा संमत झाला, त्यातही हे तत्त्व सोडलेले नाही. करचुकवेगिरीला आळा घालणे हा त्यामागील हेतू गैर नाही. बायकोच्या नावे खोटे पगार दाखविणारे महाभाग कमी नाहीत. इस्लापुरातील भज्यांच्या हॉटेलाला आयकराची झळ बहुधा लागतही नसेल. परंतु मुद्दा दृष्टीचा आहे. पदवीचा कागद असेल तर श्रम खरे. पंचवीस वर्षांचा अनुभव असेल तर ते घरचे!

येथे वाचक विचारतील, की दुसरे काही शक्य तरी आहे काय? त्याचे उत्तर शोधायला विलायतेला जायचे कारण नाही; शेजारच्या गोव्यात गेले तरी पुरे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिच्यातील कौटुंबिक कायदा कायम राहिला. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर विवाहाबरोबर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हक्क ठरतो. मडगावातील दुकान निम्मे तिचे असते. त्यासाठी पाटी बदलावी लागत नाही. ही संहिता निर्दोष आहे असे नव्हे. मालमत्तेचा कारभार तिने नवऱ्याच्याच हाती ठेवला होता. पण हक्क निम्मा, हे तत्त्व पक्के होते. विशेष म्हणजे ज्या १९६१ च्या आयकर कायद्याने इस्लापूरच्या बाईचा पगार नवऱ्याच्या उत्पन्नात ढकलला, त्याच कायद्यात ५-अ हे कलम घालून गोव्याच्या जोडप्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत समसमान वाटून धरण्याची तरतूद करण्यात आली. देश एक, कायदा एक, धंदा तोच. आणि तरीही एका ठिकाणची पत्नी निम्म्याची धनीण, तर दुसऱ्या ठिकाणची मदतनीस. हा फरक कष्टांतून आलेला नाही. तो केवळ कागदातून आला आहे.

पाचवा हिस्सा

हा कागद नसला तर काय होते, याचा साधा हिशेब मांडू. एका दुकानदाराचे निधन होते. मागे पत्नी, तीन मुले आणि वृद्ध आई. त्याने मृत्युपत्र केलेले नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पाच सारखे भाग होतात आणि पत्नीच्या वाट्याला पाचवा हिस्सा येतो. जे दुकान तिने निम्म्या श्रमाने उभे केले, त्याचा पाचवा हिस्सा! नवऱ्याने मृत्युपत्र करून दुकान दुसऱ्या कोणाला दिले असेल, तर तोही नाही. मुसलमान कुटुंबात मुले असताना विधवेचा वाटा आठवा असतो. बांगड्यांच्या किंवा फळांच्या दुकानात ती जन्मभर नवऱ्याच्या शेजारी बसली असली तरी त्यात फरक पडत नाही.

आता समजा, या दोघांनी सुरुवातीलाच साध्या मुद्रांक कागदावर निम्म्या-निम्म्या भागीचा करार केला असता. नवऱ्याच्या मृत्यूने दोघांची भागीदारी संपते हे खरे. पण तिचा निम्मा भाग तिचाच राहतो, आणि उरलेल्या निम्म्यात वारस म्हणून पुन्हा पाचवा हिस्सा मिळतो. म्हणजे एकूण पाचांपैकी तीन भाग. एका कागदाने पाचातल्या एका भागाचे तीन भाग होतात. हे गणित गावच्या शाळेतील मुलालाही समजेल. ते दुकानदारांना आजवर कोणी समजावून सांगितले नाही, एवढेच.

हिश्शापूर्वीच्या अडचणी निराळ्या. एकट्या मालकाच्या नावावरील बँकेचे खाते अडते. माल देणारा व्यापारी दाराशी येतो आणि तिच्याशी न बोलता 'आता व्यवहार कोण पाहणार?' असे तिच्या दिराला विचारतो. उधारीची वही तिच्याच अक्षरातील असते. पण मयताचे येणे वसूल करण्यासाठी दावा लावला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे न्यायालय वारसा प्रमाणपत्र मागते. ते मिळेपर्यंत ऋणको निवांत असतात. ज्यांना तिने अडीअडचणीला साखर-तांदूळ उधार दिला, त्यांच्याकडे पैसे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे तिला आधी सिद्ध करावे लागते.

किनवट तालुक्यात तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. गोंड, कोलाम आणि आंध यांची वस्ती येथे मोठी आहे. केंद्र सरकारने स्वतंत्र अधिसूचना काढल्याशिवाय १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. म्हणजे वर मांडलेला पाचवा हिस्साही आदिवासी स्त्रीला या कायद्याने मिळत नाही. तिला रूढीवर अवलंबून राहावे लागते. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये समानतेच्या तत्त्वावर आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा दिला, हे स्वागतार्ह आहे. पण मोहफुले-चारोळी विकणाऱ्या बाईने दिल्लीपर्यंत जावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

हे झाले मृत्यूचे. प्रेम आटले, दुरावा आला, तर तिची स्थिती अधिकच अवघड. संसारात मिळविलेल्या मालमत्तेची वाटणी करणारा सर्वसाधारण कायदा गोव्यासारखे अपवाद सोडले तर भारतात नाही. ती पोटगी मागू शकते. काल ज्या गल्ल्याची किल्ली तिच्या कनवटीला होती, त्याच गल्ल्यातून आज तिने पोटापुरते मागायचे. भागीदार होती, ती याचक झाली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली, घर सांभाळून पतीच्या मिळकतीला हातभार लावणाऱ्या पत्नीचा त्यातून घेतलेल्या मालमत्तेत समान वाटा मान्य केला. घर सांभाळण्याचे एवढे मोल असेल, तर घर आणि दुकान दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रीला काय म्हणावे?

दोन संस्था, दोन वाटा

कागद असणे आणि नसणे यांतील अंतर मोठ्या माणसांच्या चरित्रांतही दिसते. हिमांशू राय आणि देविका राणी या जोडप्याने १९३४ साली मुंबईत मालाडला 'बॉम्बे टॉकीज' उभी केली. १९४० मध्ये हिमांशू राय वारले. तंटे झाले, काही बिनीचे सहकारी १९४३ साली फुटून बाहेर पडले आणि त्यांनी 'फिल्मिस्तान' काढली. तरीही देविका राणींनी पुढे काही वर्षे संस्था चालविली. १९४४ च्या 'ज्वारभाटा'तून दिलीपकुमार पडद्यावर आले ते याच काळात. ती संस्था कंपनी म्हणून नोंदलेली होती. तिला भागभांडवल होते, संचालक मंडळ होते, हिशेब लेखी होते. पुरुष गेला म्हणून धंदा भाऊबंदांच्या ओसरीवर जाऊन पडला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतील आहे. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांनी तमाशाचा फड गाजविला. कांताबाई रंगमंचावर उभ्या राहिल्या की तंबूत पाय ठेवायला जागा नसे. १९६४ साली तुकाराम खेडकर गेले. फडाचे भांडवल म्हणजे माणसे, वाद्ये, कनात आणि नाव. त्याचे भागपत्र कोठे असणार? लहान मुलांना घेऊन कांताबाईंना जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर फड उभा केला आणि २०२१ साली त्या निवर्तल्या तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. त्यांच्या कर्तृत्वाला तोड नाही. पण व्यवस्था बरी आहे की वाईट, हे अशा असामान्य स्त्रीवरून ठरवायचे नसते. सामान्य बाईने त्या जागी काय केले असते, यावरून ते ठरते.

तरीही एका गोष्टीसाठी तमाशाच्या फडाला दाद दिली पाहिजे. त्याच्या पाटीवर 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर' असे लिहिलेले असे. प्रतिष्ठित पेढ्यांनी ज्या कलेकडे नाक मुरडून पाहिले, तिने 'सह' हा दोन अक्षरांचा शब्द पाटीवर लिहिण्याचा मोठेपणा दाखविला. पुण्यात १९६२ साली हुकमीचंद आणि कमलाबाई चोरडिया या दाम्पत्याने प्रवीण मसालेवाले हा उद्योग सुरू केला. कमलाबाईंच्या हातच्या मसाल्यापासून त्याचा आरंभ झाला, हे आज सांगितले जाते. उद्योग मोठा झाला की मूळ हातांची आठवण निघते. लहान राहिलेल्या हजारो धंद्यांतील हातांची आठवण कोणी काढायची?

हिशेब आणि जिव्हाळा

या विवेचनावर काही आक्षेप हमखास येतील. पहिला असा, की नवरा-बायकोत हिशेब कसला? कागद आला की जिव्हाळा गेला. हा आक्षेप गोड आहे, पण तो नेहमी एकाच बाजूने घेतला जातो, हेही लक्षात ठेवावे. दोन सख्खे भाऊ धंद्यात पडतात तेव्हा वडीलधारी मंडळीच त्यांना 'लिहून ठेवा' असे बजावतात. तेव्हा बंधुप्रेम आटत नाही. खरे तर एकत्र धंदा करणाऱ्या जोडप्याला हिशेबाची गरज अधिक. त्यांच्या संसाराला संध्याकाळ नसते. दुकानातील नुकसान ताटावर येऊन बसते आणि घरातील रुसवा गिऱ्हाइकावर निघतो. गल्ल्यातून माहेरच्या कार्याला शंभर रुपये काढले, तर ते दिले की चोरले, हा वाद तिचा वाटा ठरलेला नसतो म्हणूनच होतो. वाटा ठरला की मागणे संपते. मागणे संपले की पुष्कळशी भांडणेही संपतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भागीदार झाली की धंद्याच्या देण्याची जबाबदारीही तिच्यावर येते. कायद्याने ती व्यक्तिशः आणि अमर्याद असते. हे पूर्णतः खरे आहे आणि सही करण्यापूर्वी तिला ते नीट समजावून सांगितले पाहिजे. परंतु आज ती देण्यातून मुक्त आहे काय? दुकानाचे पहिले भांडवल कोठून आले, हे कोणत्याही घरी विचारावे. तिच्या पाटल्या, तिचा गोफ, कधी मंगळसूत्रातले मणी. स्त्रीधन हे स्त्रीचेच, नवऱ्याचे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. खातेवहीच्या भांडवलाच्या रकान्यात मात्र त्या पाटल्यांची नोंद नसते. त्यात आता बचत गटांची आणि सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांची भर पडली आहे. बाई हप्ता बुडवीत नाही, हा त्यांचा अनुभव. म्हणून कर्ज तिच्या नावे मिळते. त्या पैशातून फ्रिज, शिलाई यंत्र, गिरणीचा पाटा येतो, तो दुकानात जातो आणि दुकान त्याच्या नावावर असते. कर्ज तिचे, मालमत्ता त्याची! देण्यात ती आधीच भागीदार झालेली आहे. घेण्यात व्हायची राहिली आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारज्ञांचा. नुसत्या नावाने काय होते? सवलतीसाठी एजन्सी बायकोच्या नावे घेऊन कारभार आपण करणारे पती काय थोडे आहेत? सरपंचपदाच्या राखीव जागेवर आपण हे नाटक पाहिले आहे. आक्षेप मान्य. म्हणूनच नाव, सही आणि वही या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत. नाव असून सही करण्याचा अधिकार नाही, किंवा सही आहे पण वही वाचायला मिळत नाही, अशी भागीदारी म्हणजे पूजेपुरते सपत्नीक होणे होय.

करण्याजोगे

महाराष्ट्राला या वाटेवर पहिले पाऊल टाकायचे नाही. ते पूर्वीच पडलेले आहे. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचे विराट अधिवेशन भरविले आणि पुढे शरद जोशी यांच्या 'लक्ष्मीमुक्ती'च्या हाकेला प्रतिसाद देऊन गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. तिच्या कष्टांचे ऋण फेडण्याची ती भावना होती. घराच्या बाबतीत 'घर दोघांचे' ही मोहीम झाली आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात पती-पत्नींची नावे जोडीने लागू लागली. शेत झाले, घर झाले. दुकान तेवढे राहिले.

ते व्हावे यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, जोडप्यांनी स्वतः करायची. भागीदारीचा साधा करार लिहावा, तो भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदवावा, आणि दोघांपैकी कोणाच्याही सहीने चालेल असे चालू खाते काढावे. नोंदणी सक्तीची नाही; पण नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून आलेल्या येण्यासाठी दावा लावता येत नाही, म्हणून ती करणेच हिताचे. तिचे दागिने धंद्यात गेले असतील तर ते तिच्या नावे भांडवल म्हणून लिहावेत. दोन, बँका आणि पतसंस्था यांनी करायची. ज्या धंद्यासाठी स्त्रीच्या नावे कर्ज दिले, त्या धंद्यात तिचे नाव आहे की नाही, हे कर्ज देण्यापूर्वी पाहावे. हप्ता बुडू नये म्हणून जेवढी चौकशी होते, तिच्या निम्म्यानेही हे काम होईल. तीन, शासनाने करायची. भागीदारी हा विषय समवर्ती सूचीत आहे आणि महाराष्ट्राने १९८४ साली याच १९३२ च्या कायद्यात स्वतःची दुरुस्ती केलेली आहे. लग्नानंतर उभारलेल्या आणि दोघांनी चालविलेल्या धंद्यात, उलट करार नसेल तर, दोघांचा समान भाग गृहीत धरावा, अशी आणखी एक दुरुस्ती करण्यास हरकत कोणती? तिच्या देण्याची मर्यादाही त्याच वेळी ठरविता येईल. गोव्यात जे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले, ते पैनगंगेकाठी चालल्याने संसार मोडतील, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. रंगाचा डबा आणि कुंचला मात्र इस्लापूरच्या बाजारातही मिळतो. पाटी नव्याने रंगविण्याची वेळ प्रत्येक दुकानावर कधी ना कधी येतेच. त्या दिवशी दुकानदाराने रंगाऱ्याला काही सांगण्यापूर्वी एकदा मागे वळून गल्ल्याकडे पाहावे. तेथे जी बसली आहे, तिचे नाव त्याला ठाऊक आहे.